चार नंबरची पाकिटं

प्रिय धाकट्या,

चौदा महिन्यांनी तुझा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, ताई, ती पाकिटं अजून आहेत का? मी आहेत म्हटलं. तू एवढा मोठा सुस्कारा सोडलास की मला वाटलं घरात कुणाचं तरी ऑपरेशन सुखरूप पार पडलं. मग तू सगळं सांगितलंस. फ्लॅटला पूर्वेचं ऊन येतं, बायकोचा खोकला गेला, गाडीचा रंग फोटोत दिसतो त्याहून चांगला आहे. मी कशी आहे ते विचारायचं राहिलं. त्याला पैसे पडतात असं वाटलं असेल. मी फारशी बोलले नाही, आणि तू नेहमीप्रमाणे त्याचा अर्थ होकार असा घेतलास. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत तुझ्या करसल्लागाराचा फोन. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. कागदाला मध्येच ‘बरं बरं, कळलं’ म्हणता येत नाही.

करसल्लागार बोलायला गोड माणूस आहे. दर वाक्याला मॅडम. तू जे मला सांगितलं नव्हतंस ते त्याने पाच मिनिटांत सांगितलं. रेसच्या मैदानावर तुला अठरा लाखांचा जॅकपॉट लागला, तो मैदानवाल्यांनी त्याच आठवड्यात कर खात्याला कळवला, आणि तू विवरणपत्रात तो दाखवलाच नाहीस. त्याचं कारण तू त्याला काय दिलंस तेही त्याने सांगितलं. म्हणालास, जिंकलेला पैसा म्हणजे काय कमाई आहे का, तो तर नशिबाचा. खात्याला नशीब हा रकाना ठाऊक नाही. आता नोटीस आली आहे. अठरा लाखांवर कर आणि वर दंड भर, नाहीतर त्याच वर्षात, जानेवारी ते डिसेंबर, जेवढं हरलास तेवढं दाखव, ते जिंकलेल्यातून वजा होईल. पण तोंडी हरणं चालत नाही. तारखेचं तिकीट लागतं, आणि त्याच वेळी कुणीतरी केलेली नोंद लागते. तो म्हणाला, मॅडम, हरलो असं कुणीही म्हणतं हो, जिंकलो म्हणणारा क्वचित भेटतो.

त्याने तुझ्याकडे तिकिटं मागितली तेव्हा तू पिशवी भरून नेलीस. मैदानावर रविवारी संध्याकाळी लोक निघून गेल्यावर जमिनीवरून गोळा केलेली. तो हसत सांगत होता. काही तिकिटांवर बुटांचे ठसे होते, एकावर बाईच्या टाचेचं भोक होतं. आणि सगळी तिकिटं ह्या वर्षाची होती. नोटीस दोन वर्षांपूर्वीच्या हिशोबाची, तिकिटं गेल्या महिन्यातली. चोरी करायची तर तारीख तरी वाचावी. लहानपणीही तू प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचास आणि त्यांच्या नावात चूक करायचास.

मग तुला पाकिटं आठवली. ज्यांच्यावर तू वर्षभर हसलास ती.

बाबांचा नियम तुला मी नव्याने सांगायला नको, पण सांगते, कारण तो तू कधी ऐकूनच घेतला नाहीस. लॉन्ड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे. जे निघेल ते वहीत लिहायचं, तारीख आणि वेळ घालून. काही वाचण्यासारखं असेल तर वाचून लिहायचं. नोट असेल तर तिचा आकडा. मग तपकिरी पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि कपड्याचा नंबर टाकून मागच्या कपाटात ठेवायचं. सात वर्षं जपायचं. बाबांवर एकदा एका गिऱ्हाइकाने अंगठीचा आळ घेतला होता, तेव्हापासूनचा हा नियम. ती अंगठी त्याच माणसाच्या दुसऱ्या कोटात निघाली आणि तो माफी न मागता कोट घेऊन गेला. बाबा म्हणायचे, माणूस विसरतो, खिसा विसरत नाही. घरच्या कपड्यांनाही सूट नव्हती. बाबा एक नंबर, आई दोन, मी तीन, तू चार. आई चिडायची, नवऱ्याच्या दुकानात माझ्या रुमालाची नोंद होते म्हणायची. तरी नोंद व्हायची.

तुझा निळा कोट दर सोमवारी सकाळी यायचा. चार नंबर. शनिवारी मैदानावर घालायचास, सोमवारी घडीसाठी टाकायचास. आतल्या खिशात तिकिटं असायची. हरलेलं तिकीट फाडलं किंवा फेकलं की पुढच्या शनिवारी घोडा लंगडतो अशी तुमच्यात समजूत. म्हणून ते आतल्या खिशात सारायचं आणि विसरून जायचं. विसरलं की हरलंच नाही. घरी आल्यावर तू सांगायचास ते फक्त थोडक्यात हुकलेलं. नाकाच्या अंतराने. आजवर तुझा एकही घोडा सरळ हरला नाही, प्रत्येक जण नाकाच्या अंतराने. मी तिकिटं काढायची, रेसचा नंबर, रक्कम, तारीख लिहायची, पाकीट चिकटवायची. तू एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणालास, ताई, हरलेल्या घोड्यांचं संग्रहालय काढतेस की काय? बाहेर बोर्ड लाव, लोक रांग लावतील. इस्त्रीकाका आतून हसले होते. ते तुझ्या कुठल्याही विनोदाला हसायचे.

आता त्यांच्याबद्दल. ह्या दोन वर्षांत आपण दोघांनी त्यांचं नाव घेतलेलं नाही, आणि तुझ्या करसल्लागाराला ते कोण हेही माहीत नाही.

बाबांनी दुकान टाकलं तेव्हापासून ते वाफेच्या इस्त्रीवर होते. एकतीस वर्षं. बॉयलर पेटवायला सगळ्यांच्या आधी यायचे, म्हणून त्यांच्याकडे किल्ली. तुला शाळेत सोडायचे, मला मोठे म्हणून हाक मारायचे आणि तुला धाकट्या. आपल्या घरात ती नावं त्यांच्यामुळे पडली. ज्या वर्षाची नोटीस आली त्या वर्षी जानेवारीपासून गल्ला कमी भरू लागला. शुक्रवार-शनिवारची जमा ड्रॉवरमध्ये राहायची आणि सोमवारी बँकेत जायची, आणि दर सोमवारी काही ना काही तूट. कधी पंधरा हजार, कधी पंचवीस. हिशोब तुझ्याकडे होता. तूच मला दाखवायचास, कपाळाला हात लावून. मार्चमध्ये तू म्हणालास, ताई, किल्ल्या तीन. तू घेतले नाहीस, मी घेतले नाहीत. पुढचं मी बोलत नाही, मला बोलवत नाही. काय बोललास! बोलवत नाही म्हणून थांबलास आणि उरलेलं वाक्य माझ्या तोंडी ठेवलंस.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी दुपारी बारा वाजता आपण त्यांना काढलं. पत्र तू टाइप केलं होतंस. दोन भागीदार, दोन सह्या. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. भांडले नाहीत. म्हणाले, मोठे, एक कर, नियमाने माझे खिसे बघ. अंगातला कोट काढून काउंटरवर ठेवला, पँटचे खिसे स्वतः उलटे केले. मग म्हणाले, आता वहीत लिही. मी लिहिलं. कंगवा एक. चष्म्याचं फडकं एक. बटणं दोन. बसचा पास. तू तेव्हा रस्त्याकडे तोंड करून कुणाला तरी फोन लावत होतास. तो लागला नाही, किंवा तू लावला नव्हतास. ते गेल्यावर म्हणालास, नाटकी माणूस.

त्यानंतर तूट थांबली. तू मला दर सोमवारी हिशोब दाखवायचास आणि नुसत्या भुवया उडवायचास. बघ, असं. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा. गेल्या शुक्रवारी मी वही काढून ती पानं पुन्हा पाहिली. कोट दर सोमवारी आलेला आहे. चार नंबर, खिसे रिकामे. चार नंबर, खिसे रिकामे. दहा सोमवार. एकही तिकीट नाही. ह्याचा अर्थ कळतो ना तुला? एका म्हाताऱ्यावरचा आळ पक्का बसावा म्हणून तू दहा शनिवार घोड्यांपासून लांब राहिलास. बाबा आजारी पडले तेव्हा तुला एक शनिवार थांबता आलं नाही. आईने पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, तेव्हा थांबता आलं नाही. माझ्याने सुटत नाही गं, तो आजारच आहे, असं म्हणून तू रडला होतास आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता. तुला थांबता येत होतं. फक्त कारण तुझ्या मनासारखं लागत होतं.

जूननंतर तिकिटं पुन्हा सुरू झाली, त्याचे पैसे तू कुणाकडून उचललेस ते तुझं तू बघ. नोव्हेंबरात जॅकपॉट लागला, तू भागीदारीतून बाहेर पडलास, लग्न केलंस, फ्लॅट घेतलास. मला पेढ्याचा डबाही नाही, एक निरोप आला, दुकान आता पूर्ण तुझं, ताई, मजा कर. मी सकाळी बॉयलर पेटवते, दिवसभर इस्त्री करते, उजव्या मनगटावर दोन डाग पडलेत. मजा चालू आहे.

आता आकडे. तुझ्या माणसाने ते मागितलेच आहेत. त्या वर्षाची चार नंबरची पाकिटं निघाली एकशे त्रेचाळीस तिकिटांची. बेरीज अकरा लाख चाळीस हजार. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो जवळजवळ गाऊ लागला. मॅडम, हा सोन्यासारखा पुरावा आहे, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, रोजच्या कामाच्या ओघात, एकही खाडाखोड नाही. अठरामधून अकरा चाळीस गेले की उरतात सहा साठ, त्यावरचा कर साहेब सहज भरतील. साहेब म्हणजे तू. मग त्याचा आवाज जरा खाली आला. म्हणाला, एकच बारीक गोष्ट आहे. हरलेल्या रकमेच्या अर्जात शेवटचा रकाना असतो, पैसा कुठून आणला. जानेवारी ते मार्चमध्ये साहेब हरलेत तीन लाख बावन्न हजार, आणि दुकानातून त्यांना मिळालेत नव्वद हजार. अधिकारी विचारणार. तेव्हा मॅडमनी दुकानाच्या कागदावर दोन ओळी दिल्या तर बरं, की त्या काळात दुकानाने त्यांना दोन लाख साठ हजार उसने दिले होते. मागची तारीख टाकून.

मी त्याला विचारलं, हा आकडा कुणाचा? तो म्हणाला, साहेबांनीच दिला. बरोबर आहे. हा आकडा फक्त तिघांना ठाऊक होता, तुला, मला आणि इस्त्रीकाकांना. त्यांना काढलं त्या पत्रात आपण तो घातला होता. दोन लाख साठ हजारांचा अपहार. तू तोच आकडा, एक रुपया इकडचा तिकडे न करता, उसने म्हणून मागतो आहेस. नव्वद आणि दोनशे साठ, साडेतीन लाख. वरचे दोन हजार कुठून आणलेस एवढंच मला अजून कळलेलं नाही.

तू वाईट आहेस म्हणून हे लिहिते असं समजू नकोस. वाईट माणसाला निदान आपण काय केलं ते आठवतं. तुझ्या डोक्यात हे दोन आकडे शेजारी आलेच नसतील. त्या पाकिटांत तुला फक्त कर दिसला. हरल्याचा पुरावा मागताना आपल्याकडे हरण्याइतका पैसा होता ह्याचाही पुरावा आपण मागतो आहोत, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

आता माझं. इथवर वाचून तू म्हणत असशील, ताई नेहमीसारखी सोवळी होऊन बसली. ज्या पानावर कंगवा, फडकं, बटणं आणि पास लिहिलेलं आहे, त्याच पानावर दोन ओळी वर दुसरी नोंद आहे. तोच सोमवार, सकाळी सव्वादहा. चार नंबर, निळा कोट, आतला खिसा, तिकिटं सहा, शनिवारची, एकूण रक्कम बावीस हजार. त्या सकाळी नऊ वाजता तू मला ड्रॉवर दाखवला होतास, आणि तूट बावीस हजारांची होती. अक्षर माझं आहे. मी तिकिटं मोजली, बेरीज दोनदा केली, पाकीट चिकटवलं. आणि पावणेदोन तासांनी सही केली. मला कुणी फसवलं नाही, धाकट्या. तू तर मुळीच नाही. आपला भाऊ चोर असण्यापेक्षा परका माणूस चोर असलेला बरा, हे मी हातात पेन असताना ठरवलं. एकतीस वर्षांचा माणूस परका धरला. त्याच्या खिशातल्या वस्तूंची नोंद त्याच पेनाने केली. ते अक्षर मी शुक्रवारी नीट पाहिलं. सुंदर आहे. बाबांना आवडलं असतं.

तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली आहे असं तू सगळ्यांना सांगतोस, वाटणी नीट झाली नाही म्हणून. सांगत राहा. तुला पाहिलं की मला ती सव्वादहाची वेळ दिसते, म्हणून मी चौदा महिने तुला पाहिलं नाही.

रविवारी मी वही आणि पाकिटं घेऊन इस्त्रीकाकांकडे गेले. कुठल्याच लॉन्ड्रीने त्यांना घेतलं नाही. आपल्या धंद्यात अशी बातमी वाफेपेक्षा लवकर पसरते. घरातच खिडकीशी टेबल टाकून इमारतीतल्या लोकांचे कपडे करतात. साधी विजेची इस्त्री, तिची वायर चिकटपट्टीने बांधलेली. त्यांनी मला बसायला सांगितलं. बायको चहा ठेवायला उठली. मी वही उघडून ते पान त्यांच्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. त्यांनी इस्त्री बंद केली, चष्मा लावला. आधी स्वतःच्या चार वस्तू वाचल्या, मग वरची नोंद. वेळ दोनदा वाचली. मग म्हणाले, मोठे, एवढी दोन वर्षं मला एक बरं वाटत होतं. म्हटलं, काय? म्हणाले, की तुला माहीत नव्हतं. त्यांची बायको चहा न ठेवताच परत येऊन बसली. मी रडले नाही. रडायला गेलेच नव्हते. मी त्यांना सांगितलं, कोर्टात जा, दुसरी सही माझी आहे, मी नाकारणार नाही. ते म्हणाले, कोर्टात जाऊन काय, एकतीस वर्षं उभ्याने झिजलेले गुडघे परत मिळतात? आणि एका शर्टाची कॉलर उलटी करून बघत बसले. मी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, तू ती मागतोयस म्हटलं. त्यांनी विचारलं, त्याला कशाला हवीत ही? मी जॅकपॉट, कर, वजावट सगळं सांगितलं. ते हसले. तुझ्या विनोदांना हसायचे तसे नाही.

तेव्हा हे पत्र कशासाठी ते ऐक. वही आणि एकशे त्रेचाळीस तिकिटांची पाकिटं आता माझ्याकडे नाहीत. मी ती त्यांच्याकडे ठेवून आले, त्यांच्या नावाने पावती लिहून दिली, काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं. त्यांनी ठरवलंय. तुझ्या करसल्लागाराला देणार नाहीत, तुझ्या बायकोला देणार नाहीत, मला परत देणार नाहीत. तू स्वतः जाऊन मागितलीस तर देतील, बदल्यात काही घेणार नाहीत. उसनवारीच्या दोन ओळी मी लिहिणार नाही, त्यामुळे शेवटच्या रकान्यात खरं ते लिहावं लागेल, आणि अर्ज त्यांच्यासमोर भरलास तर बरं, त्यांना तो रकाना वाचायचा आहे. नाहीतर अठरा लाखांवरचा पूर्ण कर आणि दंड आहेच, फ्लॅटचं पूर्वेचं ऊन विकून होईल. मुदत तीस तारखेची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सकाळपासून सहापर्यंत ते घरीच असतात. दार ते स्वतः उघडतात आणि उघडल्यावर काही बोलत नाहीत. आधी तुला बोलावं लागेल.

इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई